सातवी वायर नव्हती

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. जुन्नरच्या कचेरीबाहेर ज्यांच्या शेजारी मी माझं पहिलं टायपिंगचं मशीन मांडलं, ते तात्या म्हणायचे, "पोरी, कानातनं बोटात. मधी डोकं लागतं, तिथं थांबायचं न्हाई." म्हणजे माणूस सांगतो ते ऐकायचं, टाइप करायचं आणि विसरायचं. सुनेची तक्रार असो, बांधाचं भांडण असो की सोडचिठ्ठी, कागद मशीनमधून निघाला की तो आपला नाही. तात्यांचं हे वाक्य मी तीस वर्षं पाळलं. एकदाच मोडलं, आणि तेच सांगायला बसले आहे.

आधीच सांगते, ज्यांची ही हकीकत आहे त्या दोघांना विचारून लिहितेय. नावं बदलली आहेत. एकानं "लिवा" म्हटलं. दुसरी म्हणाली, "म्हंजे? अजून लिवलंच न्हाई व्हय तुमी?"

लोकांना वाटतं टायपिस्ट म्हणजे बोटं. अहो, बोटं कुणालाही येतात, सहा महिन्यांत तयार होतात. खरं काम कानाचं. माणूस समोर बसला की सरळ कधी बोलत नाही. आळे गावचे एक म्हातारबाबा अर्ज द्यायला यायचे, दर खेपेला सांगायचे, "बाई, जरा जोरात टाइप करा, सायबाला ऐकू जात न्हाई." मी खरंच कळा जोरात आपटायची. बाबा खुश. एक बाई लष्करातल्या मुलाला पत्र सांगता सांगता खोकली, तर म्हणाली, "खोकलापन लिवा, त्याला कळंल आई बोलती म्हणून." मी लिहिलं. मुलाचं उत्तर आलं, "आई, औषध घे." असा धंदा. सगळ्या तालुक्याची गुपितं माझ्या कानातून बोटात जात होती आणि मला त्याचा, खोटं कशाला बोलू, अभिमान होता.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मी जुन्नर सोडून नारायणगावला एसटी स्टँडजवळ गाळा घेतला होता. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, पुढं टायपिंगचा क्लास, मागं एक छोटी खोली. शेजारी पिठाची गिरणी. आमचे एक नेहमीचे वकीलसाहेब होते. त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्यानं त्यांना एक खोका पाठवला. आत एक सीडी आणि कानाला लावायचा हेडफोन, त्याला तोंडापाशी येणारी बारकी दांडी. वकीलसाहेब तो खोका माझ्या टेबलावर आदळून म्हणाले, "घे, तुला सवत आणलीय. आपण बोलायचं, ही टाइप करते. बोटं लागत नाहीत!"

म्हटलं, संपला आपला धंदा. चार दिवस साहेब हेडफोन लावून इंग्रजीत दावा सांगत बसले आणि पडद्यावर जे उमटलं ते वाचून कोर्टानं दोन्ही पक्षांना हाकलून दिलं असतं. यंत्र इंग्रजीचं, तेही गोऱ्या तोंडाच्या इंग्रजीचं. पाचव्या दिवशी साहेब म्हणाले, "राहू दे बाई, तूच बरी," आणि खोका माझ्याकडेच टाकून गेले. सवत फळीवर जाऊन बसली.

पण माझा स्वभाव खोडकर. दुपारी गिरणी बंद असली की मी तिला खाली काढायची. पुस्तक चाळता चाळता कळलं की त्या यंत्राला आपला शब्द शिकवता येतो. शब्द कसा लिहायचा ते आपण टाइप करून द्यायचं, मग तो तीनदा म्हणायचा, की त्याच्या डोक्यात तो आवाज बसतो. आता आमचा मराठी फॉन्ट त्या काळी कसा, तर आत इंग्रजी अक्षरांचा खिचडा आणि वर दिसायला मराठी. म्हटलं, तो खिचडाच शब्द म्हणून शिकवला तर? 'पाणी' शिकवलं. तीनदा म्हटलं, पाणी, पाणी, पाणी. मग मराठी फॉन्ट लावलेलं कोरं पान उघडलं, घसा खाकरला आणि म्हटलं, "पाणी."

आणि पडद्यावर 'पाणी' आलं.

अंगावर काटा आला हो! मी वीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवत आले होते. पण माझ्या तोंडातला शब्द कुणाचंही बोट न लागता समोर उभा राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. देवासमोर हात जोडावेत तसे मी त्या डब्यासमोर जोडले. मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघितलं.

ही बातमी वकीलसाहेबांनी गावभर केली. ती ऐकून आला इस्माईल.

इस्माईलभाई जुन्नरचा. वायरमन. तो आणि पिंपरी पेंढारचा बाळू, दोघं मिळून विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. आळ्यापासून खोडदपर्यंत कुठलीही मोटर बसली की यांना निरोप जायचा. त्याच्या नऊ वर्षं आधी एका विहिरीवर काम करताना बाळूला शॉक लागला. त्याला ओढायला इस्माईल धावला. बाळू जागीच गेला आणि इस्माईलचे दोन्ही हात कोपराखाली काढावे लागले. ही गोष्ट तालुक्यात लहान पोरालाही माहीत. बाळू पिणारा होता, त्यानं घाई केली, फ्यूज काढायच्या आधीच वायरीला हात घातला, आणि दोस्तासाठी या माणसानं हात दिले, असं लोक सांगायचे. पुण्याच्या दवाखान्यातून तो परतला तेव्हा गावानं त्याचा सत्कारही केला. नारळ द्यायला पुढं केला आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की घेणार कशात.

तर तो गाळ्यात आला, उभ्यानंच म्हणाला, "बाई, तुमचं ते मशीन म्हनं बोललेलं लिवतं. मला एक पत्र लिवायचंय."

"मग सांगा की. मी लिहिते. तुमच्याकडून पैसेसुद्धा घेणार नाही."

"तुमाला सांगायचं असतं तर कवाच आलो असतो," तो म्हणाला. "पोरगी धाव्वीला हाय, तिच्याकडनं लिवून घेतलं असतं. कुनालाच न्हाई सांगायचं. फकस्त ज्याचं त्याला."

मला राग आला. खरंच आला. वीस वर्षांत माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं. मी म्हटलं, "मग कॅसेट भरा ना. टेपरेकॉर्डर घरोघर आहे."

"कॅसेट लावली की घरभर वाजती. आन् बोललेलं खोडता येत न्हाई बाई. मला खोडाखोड करायचीय. लई करायचीय."

"मग जाऊन तोंडावर सांगा."

तो दाराकडं वळला. मग म्हणाला, "चार बारी गेलो. फाट्यावर उतरलो. चार बारी माघारी आलो."

तेव्हा माझा राग गेला. पत्र मी बघणार नाही असा शब्द दिला, त्याला मागच्या खोलीत नेलं आणि यंत्र दाखवलं. त्यानं काय विचारावं? "हे बोललेलं जातं कुठं? पुन्याला बिन्याला?" आता मोबाइलला काही बोललं की ते लांब कुठंतरी जातं, तिथं ओळखलं जातं आणि परत येतं म्हणे. त्या यंत्राचं तसं नव्हतं, सगळं पेटीतल्या पेटीत. मी हे सांगितलं, पण वायरमन माणूस, सांगण्यावर थोडाच विश्वास ठेवणार! तो गुडघ्यावर बसला, टेबलाखाली वाकला आणि एकेक वायर डोळ्यानं शेवटपर्यंत माग काढत गेला. ही प्लगला. ही पडद्याला. ही कीबोर्डची, ही माउसची, ही प्रिंटरची, ही हेडफोनची. मग बाहेरच्या टेबलावरच्या फोनची वायर बघून आला, ती भिंतीतून सरळ खांबावर जात होती.

"सा वायरी," तो म्हणाला. "सातवी न्हाई. म्हंजे जायला वाटच न्हाई." आणि त्या डब्याकडं असं बघितलं की मला आजही आठवतं. म्हणाला, "आईकतं, आन् पोटात ठेवतं. मानसालाबी न्हाई जमत राव."

तो टोमणा मला होता की नाही, देव जाणे.

अडचण पुढं होती. यंत्राला शब्द शिकवायचे म्हणजे आधी ते टाइप करणार कोण? मीच. म्हणजे पत्रातले शब्द मला कळणार. मी म्हटलं, "भाई, शब्दांची यादी तर मला द्यावीच लागेल." तो आठ दिवस आला नाही. आला तो यादी पाठ करून. आणि काय यादी! कांदा, बटाटा, लग्न, पाऊस, बैल, फ्यूज, मोटर, गूळ, खिसा, दवाखाना, चूक, शाळा, रिकामा, साखर. मी टाइप करतेय आणि हा सांगतोय. नाती सांगितली ती सगळी: काका, मामी, आत्या, वहिनी, दादा, साडू. गावं सांगितली ती ओतूर, बेल्हे, खोडद, आळे, पिंपरी पेंढार, पार घोडेगावपर्यंत. बायकांची अकरा नावं, पुरुषांची नऊ.

"भाई, लग्नपत्रिका छापायचीय का?" मी विचारलं.

"छापा की," तो म्हणाला आणि हसला. पहिल्यांदाच हसला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला पाहिजे होते फार तर साठ शब्द. ते लपवायला त्यानं सहाशे आणले होते, कांद्या-बटाट्याच्या गोणीत खालून ठेवावेत तसे. कुठले खरे आणि कुठले भरतीचे, मला कळू नये म्हणून.

आणि मराठी म्हणजे एका शब्दावर भागत नाही. खिसा वेगळा, खिशात वेगळं, खिशातले वेगळे. प्रत्येक रूप यंत्राला नवीन. सहाशेचे हजारावर गेले. प्रत्येक तीनदा म्हणायचा. सोमवार ते शनिवार, दुपारी दोन ते चार, गिरणी बंद असते तेवढ्या वेळात. लाइट गेली तर तेही नाही. सहा महिने तो माणूस जुन्नरहून एसटीनं येत होता. मी हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवायची, तो डोळे मिटून म्हणायचा, "रिकामा. रिकामा. रिकामा." मी ऐकायची आणि विसरायची. तात्या असते तर शाबासकी दिली असती.

एकच शब्द त्यानं म्हणताना घोटाळा केला. 'माफ'. तीनदा नीट येईना. तो शब्द शिकवायला दोन दिवस लागले. मी काही विचारलं नाही.

एक शब्द मात्र मी माझ्याकडून दिला. 'खोड' म्हटलं की आधीचा शब्द पुसला जाईल, अशी सोय करून दिली. त्यानं 'कांदा' म्हटलं, कांदा आला. 'खोड' म्हटलं, कांदा गेला. हे त्यानं वीसेक वेळा केलं असेल. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, तोंडातनं गेलेलं माघारी येतंय हो!" डोळ्यात पाणी होतं त्याच्या. माझ्याही होतं, मी दाखवलं नाही.

मग तो दिवस आला. प्रिंटरमधे कागद घातला, हेडफोन चढवला, दार ओढून घेतलं आणि मी पुढं येऊन बसले. क्लासच्या मुलींना सुट्टी दिली. दार पातळ. पण तो हळू बोलत होता, एकेक शब्द सुटा सुटा, मधे थांबून, कारण यंत्राला तसंच लागायचं. मला काही कळत नव्हतं. फक्त एक शब्द तो मोठ्यानं म्हणायचा. खोड. मग कुजबुज. मग खोड. खोड. खोड. दोन तास मी तेवढंच ऐकलं. माणूस आत स्वतःशीच कुस्ती करतोय आणि दर वेळी तोच खाली पडतोय, असं मला वाटत होतं. मी पदराचं टोक पिळत बसले होते.

शेवटी प्रिंटर कुरकुरला. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. कागद त्यानं कोपरांनी आणि दातांनी दुमडला होता, वरचा पत्त्याचा भाग बाहेर येईल असा, आणि डिंकानं चिकटवला होता. महिनाभर कोऱ्या कागदावर सराव केला होता त्याचा. पत्ता छातीकडं धरून तो माझ्यासमोरून गेला. समोर पोस्टाची लाल पेटी होती. मी खिडकीतून पाहिलं. पत्र दातात धरून तो पेटीपाशी उभा होता. किती वेळ उभा होता सांगता येत नाही. मग त्यानं मान पुढं केली.

तो गेल्यावर मी आत गेले. यंत्रात पत्र असणारच. त्यानं साठवून ठेवलं असेल किंवा नसेल, पण शोधलं असतं तर सापडलं असतं. मी कॉम्प्युटर बंद केला. या एका गोष्टीचा मला आजवरच्या कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त अभिमान आहे.

आणि चौथ्या दिवशी पिंपरी पेंढारची हिराबाई दारात उभी. बाळूची बायको. तिच्या हातात तो कागद, अजून चिकटवलेला.

"बाई, हे पोस्टानं आलंय. छापील हाय. जमिनीची नोटीस असंल म्हून दिराला दावलं न्हाई. पोस्टमननं नाव वाचलं, बाकी काय ते ठावं न्हाई. तुमी वाचून दावा."

मी पत्ता पाहिला आणि ओळखलं. माझ्या प्रिंटरमधली अक्षरं ठोकणारी एक टाचणी तुटलेली होती, प्रत्येक ओळीत एक पांढरी रेघ राहायची. सहा महिने! सहाशे शब्द! अकरा बायकांची नावं! आणि जिला पाठवायचं तिला वाचताच येत नाही, हे त्या शहाण्याला माहीत नव्हतं आणि ते विचारायचं मलाही सुचलं नाही.

"हिराबाई, तुम्हाला वाचता येत नाही?"

"न्हाई. सही येती फकस्त."

"पण मी ऐकलंय, बाळूभाऊ कामावरनं तुम्हाला चिठ्ठ्या पाठवायचे." हे मला इस्माईलनंच कधीतरी सांगितलं होतं. कुठल्याही विहिरीवर गेले की बाळू कागदाचा कपटा काढून खरडायचा आणि गावाकडं जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचा.

हिराबाईला हसू फुटलं. "त्या व्हय! त्यात कुठलं लिवलेलं? भाकरी काडायचे ते. गोल गोल. जितकी गोलं तितकी मानसं जेवायला. बहुतेक दोनच असायची, ते आन् इस्माईलभाऊ."

इतकी वर्षं इस्माईल समजत होता की त्याच्या दोस्ताची बायको चिठ्ठ्या वाचते. बाळू होता तेव्हा शेजारी उभा राहून रोज बघत होता, पण दुसऱ्याची चिठ्ठी डोकावून बघायची नाही एवढी त्याची रीत. आणि त्या चिठ्ठ्यांवर अक्षर नव्हतंच.

मी म्हटलं, "हिराबाई, मला हे वाचता येणार नाही. मी शब्द दिलाय."

"कुनाला?"

ते तरी कसं सांगणार? ती माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच खाली बसली. तिला कळलं की ही जमिनीची नोटीस नव्हे. म्हणाली, "बाई, घरात दिराला द्यायचं न्हाई, पोरगं बारकं. तुमच्याबिगर मी कुनाकडं जाऊ? तुमी वाचा. पन आईकू नका."

वाचा पण ऐकू नका. तात्यांनी मला शिकवलं होतं कानातून बोटात. ही बाई सांगत होती डोळ्यातून तोंडात. मी दार लावलं, डिंक सोडवला आणि एकेक शब्द सुटा सुटा वाचायला लागले, तो यंत्राशी बोलला असेल तसा, म्हणजे मधे डोक्यात काही जाऊ नये. पण डोकं आहे हो, डबा थोडाच आहे. गेलंच.

"हिरावहिनी. त्या दिवशी फ्यूज काढले नव्हते. लाइट गेली होती म्हणून मी काढले नाहीत. बाळूने विचारले फ्यूज खिशात आहेत का. मी हो म्हणालो. खिसा रिकामा होता. लाइट आली. बाळू पिलेला नव्हता. बाळूने घाई केली नाही. चूक माझी. लोक मला चांगला म्हणतात ते खोटे आहे. इस्माईल."

बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. वायरमन लोकांची एक रीत असते. दोघं कामावर असले की एकानं फ्यूज काढायचे आणि काम संपेपर्यंत आपल्याच खिशात ठेवायचे, म्हणजे तिसरा कुणी चुकून लावणार नाही. दुसरा फक्त विचारतो, "खिशात?" पहिला म्हणतो, "खिशात." त्या एका शब्दावर माणूस वायरीला हात घालतो.

'माफ' हा शब्द पत्रात नव्हता. दोन दिवस शिकवलेला शब्द त्यानं शेवटी खोडला होता.

हिराबाई रडली नाही. म्हणाली, "ते मधलं परत वाचा. पिलेला."

"बाळू पिलेला नव्हता. बाळूने घाई केली नाही."

"आजून एकदा."

मी चार वेळा वाचलं. मग ती बोलली, माझ्याशी नव्हे, जमिनीशी. "नऊ वर्सं त्यांच्या फोटूसंगं भांडतीय मी. दीर म्हनायचा दारूनं गेला, मी म्हनायची व्हय, दारूनंच गेला, मला टाकून गेला. तेराव्यालाबी नीट रडले न्हाई, राग व्हता. रोज दिवा लावायचा आन् शिव्या द्यायच्या." आणि मग जे रडली ते बाई, गिरणी सुरू झाली तरी थांबली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मीही रडत होते. कुठलं आलंय कानातून बोटात!

डोळे पुसून तिनं कागद मागितला. म्हटलं आता उत्तर सांगेल, मी मशीनवर बसले. तर म्हणाली, "तुमी नगा." माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि कागदावर एक गोल काढला. एकच. नीट, कडेला जरा जाड, फुगलेल्या भाकरीसारखा. "हे त्यांना द्या. म्हनावं, रविवारी."

मी जुन्नरला त्याच्या घरी गेले. त्याला बाजूला घेतलं आणि आधी माझा गुन्हा कबूल केला. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "म्हंजे तुमाला कळलं."

"कळलं."

"आन् तिला वाचायला येतच न्हाई."

"नाही येत."

तो भिंतीला टेकला. त्याला हसू येत होतं की रडू, त्यालाच कळत नसावं. मग मी तो कागद त्याच्यासमोर धरला आणि गोलाचा अर्थ सांगितला. तो त्या गोलाकडं बघतच राहिला. शेवटी म्हणाला, "जेवायला? बाई, मला भरवावं लागतं. घरी बायकू भरवती, झुबेदा. तिथं कोन..."

हाच प्रश्न हिराबाई निघाली तेव्हा मी तिला विचारला होता. ती चप्पल घालत म्हणाली होती, "मंग मी काय करनार हाय? बघत बसनार हाय व्हय?"

मी त्याला हे सांगितलं. त्यानं मान खाली घातली, आणि मला त्या क्षणी इतकं नवल वाटलं त्या बाईचं, की त्या यंत्राचंही कधी वाटलं नव्हतं. हजार शब्द आणि सहा वायरी लावून आम्हाला जे करता आलं नाही, ते तिनं एका गोलात केलं होतं.

पुढं इस्माईलनं ही गोष्ट तिच्या दिरासमोर, चार माणसांत स्वतःच्या तोंडानं सांगितली. पण ते नंतर. रविवारी मी त्याच्याबरोबर गेले, कारण पाचव्यांदाही तो फाट्यावरूनच परत फिरेल अशी मला भीती होती. नाही फिरला. हिराबाई दारातच उभी होती. चुलीवर भाकरी होती, वास येत होता. ती म्हणाली, "बाई, तुमीबी या आत."

मी म्हटलं, "येते थोड्या वेळानं."

ते आत गेले. मी ओट्यावर बसले. जरा वेळानं आतून त्याचा आवाज यायला लागला. एकेक शब्द, मधे थांबून, यंत्राशी बोलायची सवय लागलेली. "वहिनी," तो म्हणाला. मग थांबला. मग तो दुसरा शब्द, जो त्याला दोन दिवस म्हणता येत नव्हता.

मी उठले. रानाच्या कडेला विहिरीवर मोटर चालू होती. तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.